बोटभर माया

“कुणी उसवलं हे? मावशी, तोंड उघड! कुणी उसवलं?”

बारकीने हातातला नाचाचा लिओटार्ड जेवणाच्या टेबलावर असा आपटला, की दुधाचा पेला कलंडला आणि दूध कडेवरून ठिबकू लागलं. पण ते पुसायला कुणी हललं नाही. मावशी ओट्याशी उभी होती. हातात नुकतंच सोललेलं अंडं... पोरगी नाचमंडळीत निवड होऊन येईल, आल्या आल्या भूक लागली म्हणेल, म्हणून सकाळीच उकडून ठेवलेलं. ते तिने तसंच मुठीत धरलं. बारकीचे बाबा दारात उभे होते, पायातले बूट न काढता, आणि चेहऱ्यावर तो त्यांचा नेहमीचा भाव... आगीतही नाही आणि बंबातही नाही!

बारकीने खिडकीचा पडदा खस्सकन ओढला. त्या घरात पडदे सहसा उघडत नसत. बाबा नाटकगृहात दिव्यांचं काम करत. दिवसभर झगझगाटात राहिलेल्या डोळ्यांना घरी अंधुक बरं वाटे, म्हणून घरातले दिवेही मरतुकडे. आज मात्र दुपारचं ऊन बेधडक आत घुसलं आणि टेबलावर पडलेल्या त्या जुन्या लिओटार्डचं बिंग फुटलं. धुवून धुवून विटलेल्या डाळिंबी कापडावर, दोन्ही कुशींना, काखेपासून पार खालपर्यंत, दोन गडद पट्टे लख्ख उमटले होते. बोटभर रुंदीचे, काल दुकानातून आणल्यासारखे ताजे. इतकी वर्षं शिवणीच्या आत दडून बसलेल्या त्या कापडाला ना ऊन लागलं होतं, ना घाम!

“काचेच्या भिंतीसमोर उभं केलं आम्हाला,” बारकीचा आवाज फाटला, “सगळ्यांच्या देखत! निवड करणाऱ्या बाईंनी मला एकदा फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, आणि म्हणाल्या, ‘पोरी, अंग कमी करायचं असतं, कपडा वाढवायचा नसतो.’ सगळ्या हसल्या. आईच्या लिओटार्डमध्ये मला हसल्या गं त्या!”

“पण मी तुला नवा शिवून दिला होता...” मावशी म्हणाली. “काळा. तो का नाही घातलास?”

“कारण मला आज आई अंगावर हवी होती!”

मावशीच्या मुठीतलं अंडं फुटलं.

बारकी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली तेव्हा पोर एवढीशी होती, टेबलाखालून ताठ चालत जाणारी. आणि मावशी एक पिशवी घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली ती तिथेच रुतली. तिचं लग्न ठरलेलं होतं. तो माणूस बिचारा काही महिने थांबला, मग कंटाळून दुसरीबरोबर सुखी झाला. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. म्हण करणाऱ्याचं काय जातं! माय एकदाच मरते. मावशीला रोज उठून जगावं लागतं, मायेचं सगळं करून, माय न होता.

ती नाचाचे आणि कसरतीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर लिओटार्ड. हा कपडा ज्याने अंगात घातला नाही त्याला तो कळायचा नाही. गळ्यापासून मांडीच्या सांध्यापर्यंत एकसलग, ना बटण, ना नाडी, ना खिसा. अंगाला असा चिकटतो की श्वास घेतला तरी जगाला दिसावा. कपडा कसला, चहाडखोर शेजारीण! काल काय खाल्लं, आज किती खाल्लं, सगळं चारचौघांत सांगून मोकळी. हल्ली बाजारातल्या दुकानांत हाच कपडा जीनवर घालायला म्हणून विकतात. त्या मुली पोटभर जेवून येतात, खिदळत घालून बघतात, आणि कपडा मुकाट्याने त्यांच्यापुरता ताणतो. नाचणाऱ्या मुलींचं उलटं. तिथे कपडा ताणत नाही, मुली आक्रसतात.

आणि माया... शिवणकामात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं, म्हणून ठेवलेली. पण लिओटार्डच्या ताणाच्या कापडात माया ठेवत नाहीत. मशीनच शिवता शिवता कड कापून टाकतं. मावशी कारखान्यात नवी होती, हात अजून शर्टांवर आणि झग्यांवर बसलेला, तेव्हा तिने ताईसाठी पहिलावहिला लिओटार्ड घरच्या मशीनवर शिवला आणि सवयीने दोन्ही कुशींना चांगली बोटभर माया ठेवली. कौतुकाने कटरमामाला दाखवायला नेला. कटरमामा म्हणजे कारखान्यात कापड बेतणारा म्हातारा. त्याने तो उलटा करून पाहिला आणि असा हसला की ठसका लागला.

“अगं बये! अंगाला चिकटायच्या कपड्यात माया? कुणासाठी राखून ठेवलीस, पाहुण्यांसाठी?”

तेव्हापासून सगळा कारखाना तिला मायावाली म्हणायला लागला. ताईने मात्र तोच लिओटार्ड घातला. आतली जाड शिवण कुशीला घासायची, लाल वळ उठायचे, तरी तोच. “माझ्या बहिणीने शिवलाय,” म्हणायची. तोच घालून ती नाचली, तोच घालून ती झिजली आणि ती गेल्यावर तोच भावजींनी, बारकीच्या बाबांनी, कपाटात देवासारखा टांगला.

बारकी मोठी होऊ लागली. नाव बारकी पडलं ते घरात सगळ्यांत लहान म्हणून, पण पोरीने ते नाव हुकमासारखं पाळायला घेतलं. एका रात्री जेवताना भावजी सहज बोलून गेले, “तुझी आई माझ्या दिव्यात उभी राहिली ना, की आरपार दिसायची. काचेसारखी.” बोलले आणि पुढचा घास घेतला. बारकीने मात्र हातातला चमचा खाली ठेवला... आणि मावशीला ते दिसलं! कारण ताईनेही एकदा असाच, याच माणसाच्या कुठल्याशा कौतुकावर, चमचा खाली ठेवला होता.

मग दर सुट्टीच्या सकाळी तो सोहळा सुरू झाला. बारकी आईचा लिओटार्ड काढायची, अंगात चढवायची, आरशासमोर वळून वळून बघायची. ताजवा नको, काटा नको. आईच्या मापात अंग बसतं का, एवढाच न्याय! जरा घट्ट झाला की पोरगी दारं लावून घ्यायची. आठवडाभर काकडीच्या चकत्या आणि काळी कॉफी. वय वाढीचं, हाडं लांबतायत, छाती भरतेय, कपडा घट्ट होणार नाही तर काय होणार? पण हे तिला सांगणार कोण! मावशीने सांगून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा हातही उगारून पाहिला. बारकी म्हणाली, “तुला नाही कळायचं. तू कपडे शिवतेस. ते घालायला अंग लागतं.”

तेव्हा मावशीने बोलणं सोडलं आणि सुई हातात घेतली.

बारकी नाचाच्या वर्गाला गेली की ती कपाटातून लिओटार्ड काढी, उलटा करी, जुनी शिवण उसवी आणि एका दोऱ्याच्या रुंदीएवढी माया सोडून नवी शिवण घाली. फक्त एका दोऱ्याएवढी! पुढच्या सुट्टीला बारकी आरशासमोर उभी राही आणि तिचा चेहरा उजळे. “मावशी! सैल होतोय गं! आणि बघ, कूस पण घासत नाही आता!” आणि त्या आनंदात पोरगी पावाचा तुकडा खाई. अंडं खाई. एकदा तर बटाटे खाल्ले, लोणी लावून, बोटं चाटून... मावशी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मी फसवतेय, तिला कळत होतं. पण एका दोऱ्याच्या खोटेपणावर पोर एक घास जास्त खात असेल, तर कोण म्हणतो ते पाप? ज्याला म्हणायचं असेल त्याने यावं आणि उपाशी पोरीच्या ताटासमोर बसून दाखवावं!

माया मात्र बोटभरच होती. सोडता सोडता संपली. शेवटची शिवण अगदी कडेला आली, आणि तेवढ्यात निवडीचा दिवस उगवला. मावशीने नवा काळा लिओटार्ड शिवला, बारकीच्या खऱ्या मापाचा. मनात म्हणाली, सुटले. जुना आता कपाटात राहील. त्या अंधाऱ्या घरात कुणाला ते पट्टे दिसले नव्हते, तिला स्वतःलासुद्धा नीट दिसले नव्हते. आणि पोरगी तोच जुना पिशवीत घालून गेली... आईसाठी!

“बोल ना!” बारकी ओरडत होती. “मला जाड करायचं होतं ना तुला? तुला माझी आई कधी सहन झाली नाही. ती नाचायची, तू दोरे तोडायचीस. ती मेली तरी तुझी जळजळ गेली नाही! माझ्यातून तिला पुसायला निघालीस तू!”

“बारके... बाळा...”

“बाळ म्हणू नकोस मला. मी तुझं बाळ नाही.”

एक वाक्य, फक्त एक वाक्य मावशीच्या ओठांपर्यंत आलं. तुझी आई तापाने गेली नाही! पण डोळ्यांसमोर ताईचं अंथरूण उभं राहिलं. तिचा हात... हात कसला, वाळक्या काड्यांची जुडी! त्या जुडीने मावशीचं मनगट धरलं होतं. “बारकीला सांगू नकोस, मी उपाशी राहून मेले. सांग, नाचत होती आणि ताप आला. माझी शपथ आहे तुला. माझी एवढी एक गोष्ट तरी तिच्याकडे चांगली राहू दे.” आणि मावशीने शपथ घेतली होती. त्या शपथेचा तिला अभिमानही होता.

तिने भावजींकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं! त्याच खोलीत, त्याच अंथरुणाच्या पायथ्याशी ते उभे होते. एक शब्द बोलले असते तर... पण काही पुरुष दुःखात इतके हळवे होतात, की त्यांना दुसऱ्याचं मरण दिसत नाही. भावजींनी बुटांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

“तू काही दिवस दुसरीकडे राहिलीस तर... म्हणजे, ती शांत होईपर्यंत. बघ, तुला पटत असेल तर.”

“पटतंय भावजी,” मावशी म्हणाली. “या घरात मला पटलं नाही असं आजवर काय झालंय?”

तिने हात धुतले. सांडलेलं दूध पुसलं. आली होती ती एक पिशवी घेऊन. गेली तीही एकच घेऊन.

कारखान्याच्या माळ्यावर, बटणांच्या पेट्या आणि कापडाचे गठ्ठे यांच्यामध्ये तिने पथारी टाकली. कटरमामा म्हणाला, “मायावाली, घर सोडलंस की घराने सोडलं?” ती म्हणाली, “शिवण दोन्ही बाजूंनी उसवते मामा.” दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या डब्यातला अर्धा पाव तिच्या मशीनवर ठेवू लागला.

वर्ष गेलं. पुढच्या निवडीत बारकी नाचमंडळीत घेतली गेली, हे मावशीला लोकांकडून कळलं. आनंद झाला आणि लगेच मनात आलं... कशी घेतली असेल? कशावर जगून?

उत्तर तिच्या पुढ्यात चालत आलं. नाचमंडळीच्या नव्या खेळाचे लिओटार्ड याच कारखान्यात शिवायचे होते, आणि मुली मापं द्यायला आल्या. हसत, ढकलाढकली करत, एकमेकींना चिमटे काढत. सगळ्यांच्या मागे भिंतीला धरून एक मुलगी उभी होती. मावशीने आधी तिला ओळखलंच नाही... आणि ओळखलं तेव्हा हातातली टेप गळून पडली.

ताई! जशीच्या तशी ताई! गालांच्या जागी खळगे, गळ्याच्या हाडांत पाणी साचेल एवढी खोली, आणि हातांवर ती बारीक लव... उपाशी अंग स्वतःला ऊब देण्यासाठी उगवतं ती. ताईच्या हातांवरही ती होती. लोक म्हणायचे, काय नाजूक आहे!

बारकी समोर येऊन उभी राहिली. मावशीच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “घ्या माप.”

‘घ्या.’ मावशीला आयुष्यात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. आदर इतका जिव्हारी लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

लिओटार्डचं खरं माप म्हणजे फेरा. टेप खांद्यावरून सोडायची, छातीवरून, पोटावरून, दोन पायांमधून घेऊन पाठीने पुन्हा त्याच खांद्यावर आणायची. एका माणसाला टेपने मिठी मारल्यासारखंच ते. मावशीने फेरा घेतला. टेप फासळ्यांवरून घसरताना शिडीवरून जावी तशी खडखडत गेली. पाठीच्या मणक्यांवर बोटं टेकली, आणि ती बोटं तिथून हलेनात...

“बारके,” ती कानाशी कुजबुजली, “हवं तर मला शिव्या दे. थुंक माझ्यावर. पण दोन घास खा गं...”

“तुम्ही माप घ्या,” बारकी म्हणाली. “आणि माया ठेवू नका.”

ती वळून गेली. मावशी मशीनवर बसली आणि सगळ्या मुलींचे लिओटार्ड नीट शिवले. एकच शिवताना मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली.

त्यानंतर फार दिवस झाले नाहीत. भर दुपारी भावजी कारखान्यात धावत आले. कोटाचं बटण एका काजाने चुकलेलं, ओठ पांढरेफटक. मशीनच्या घरघरीत त्यांचा आवाजच ऐकू येईना. सगळ्यांनी मशीन थांबवल्या तेव्हा ऐकू आलं,

“पडली... तालमीत. उठत नाहीये. चल. तू चल!”

इस्पितळात कपडे बदलायला वेळ नव्हता. परिचारिकेने बारकीच्या अंगावरचा लिओटार्ड गळ्यापासून खाली कात्रीने कापून काढला होता. खाटेच्या पायाशी तो पडला होता. डाळिंबी. कुशींना गडद पट्टे असलेला! मावशीने वाकून तो चाचपला. तालमीलाही पोरगी तोच घालायची... ज्याची लाज वाटली, ज्याच्यासाठी घरातून हाकललं, तोच! आणि आता तो इतका ढगळ झाला होता, की दोन्ही कुशींना बारकीने स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या टाक्यांनी, तो आत घेतला होता.

डॉक्टर बाई तरुण होत्या, घाईत होत्या. “हृदयाचे ठोके चुकतायत हिचे. ही म्हणते, ताप होता, बाकी खाणंपिणं ठीक आहे. खरं आहे का?”

“हो... ठीक खाते,” भावजी पुटपुटले.

“घरात कुणाला हृदयाचा त्रास? हिची आई?”

“आई नाहीये. तिला... ताप आला होता.”

ताप! पुन्हा तोच ताप! मावशीच्या डोक्यात काहीतरी कडकन तुटलं. ताईचा हात आठवला, ती पकड, ती शपथ... आणि समोर खाटेवर दुसरी जुडी पडली होती, अजून ऊब असलेली. शपथ मेलेल्या बहिणीची होती. पोर जिवंत होती. अजून जिवंत होती!

“खोटं बोलतायत हे,” ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. “हिची आई तापाने नाही मेली डॉक्टर. उपाशी मेली. वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने उपाशी राहिली आणि एका सकाळी तिचं हृदय थांबलं. आणि ही पण उपाशी आहे. किती दिवस विचारू नका... लहान होती तेव्हापासून उपाशी आहे ही!”

डॉक्टर बाईंनी वळून परिचारिकेला भराभर काहीतरी सांगितलं, टांगलेली बाटली बदलायला लावली. मग म्हणाल्या, “बरं झालं बोललात. इतक्या उपाशी शरीरात एकदम भरायला गेलं, तर हृदय बंदच पडतं. आता थेंबाथेंबाने जावं लागेल.”

त्या गेल्या. आणि तेव्हा मावशीला दिसलं, बारकीचे डोळे उघडे होते.

“आई...” तिचे ओठ हलले. “...उपाशी?”

“हो.”

“ताप नव्हता?”

“नव्हता बाळा.”

बारकीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशी उभी होती, आता ‘निघा इथून’ ऐकायच्या तयारीने. पण पोरीने मान वळवली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

“तुला माहीत होतं... आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तिची शपथ होती गं...”

“शपथ!” एवढ्याशा छातीतून तो शब्द निघाला तरी खोली हादरली. “मी तिच्यासारखी व्हायला बघत होते, मावशी! रोज! आणि तू बघत होतीस. दोरा दोरा सोडत बसलीस, पण एक वाक्य नाही बोललीस. माझ्यापेक्षा तुझी शपथ मोठी होती का गं?”

जे मौन मावशी त्याग म्हणून उराशी कवटाळत आली होती, ज्याच्या उबेवर माळ्यावरच्या थंड रात्री काढल्या होत्या, ते मौन इतकी वर्षं तिच्याच पोरीच्या ताटातला घास खात होतं! सोसणाऱ्या बायकांना कुणी हे सांगत नाही. सोसल्याची गाणी गातात लोक. त्या सोसण्याची किंमत बाजूला बसलेलं लेकरू मोजतं, ते कुणाच्या गाण्यात येत नाही.

“चुकलं माझं,” ती खाटेशी गुडघ्यांवर बसली. “बारके, चुकलं! मला वाटलं, तुझी आई तुझ्यासाठी सुंदर राहू दे... मी वाईट झाले तर काय बिघडलं!”

“मला सुंदर आई नको होती गं,” बारकी हुंदक्यात म्हणाली. “मला... तू गेल्यापासून अंडं कुणी सोललं नाही मला.”

‘तू.’ वर्षभराने तो एकेरी शब्द आला आणि मावशीने त्या काड्यांच्या हातावर डोकं टेकून हंबरडा फोडला.

कोपऱ्यात भावजी भिंतीला टेकून उभे होते. माणसं आयुष्यभर गप्प राहतात आणि शेवटी बोलतात तेव्हा कुणीतरी आपले डोळे पुसावेत अशी वाट बघतात. त्यांनीही मावशीकडेच पाहिलं. “माझं... माझंच...”

“मला नका सांगू भावजी,” मावशी न वळता म्हणाली. “जिला काचेची गोष्ट सांगितलीत, तिला सांगा.”

ते खाटेजवळ आले. दिव्यांची बटणं सफाईने दाबणाऱ्या हातांनी त्यांनी खाटेचा गज धरला.

“आरपार नव्हती दिसत गं तुझी आई,” ते म्हणाले. “दिसेनाशी होत होती. आणि मी... मी दिवा धरून उभा होतो.”

बारकीने त्यांना जवळ घेतलं नाही. हाकललंही नाही. एवढ्यावरच त्यांची त्या दिवशीची झोळी भरली.

बारकी वाचली. पण अर्धीच वाचली, असं डॉक्टर बाईंनी वेगळ्या, गोड शब्दांत सांगितलं. हृदय कायमचं दुबळं झालेलं, जिना चढायचा तर मध्ये थांबून, नाच नाही. उद्या नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मंडळीत तिची जागा दुसऱ्या मुलीने भरली, आणि ती मुलगीही मापाला आली तेव्हा भिंतीला धरूनच उभी होती. मावशीने या वेळी टेप खाली ठेवली आणि त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं. मालकाने तोंड सोडलं. मावशीने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा मशीनवर बसली.

मावशी घरी परत आली होती. पडदे उघडे असत. मरतुकडे दिवे भावजींनी स्वतः स्टुलावर चढून बदलले होते, आणि त्या प्रखर उजेडात भिंतींचे पोपडे, त्यांचे पिकलेले केस, सगळं निर्लज्जपणे दिसे. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

एका सकाळी बारकी टेबलाशी बसली होती. समोर पाव होता, अंडं होतं, आणि एकेक घास ती ओझं उचलावं तसा उचलत होती. अजून प्रत्येक घासाशी भांडण होतं. काही दिवस ती जिंकायची, काही दिवस हरायची. मावशी मशीनपाशी बसून तो कापलेला डाळिंबी लिओटार्ड हातात उलटसुलट करत होती.

“टाकून देऊ हा?” तिने विचारलं.

“शिव.”

“कुणासाठी बाळा? आता...”

“नाचणार नाही, माहितीये मला,” बारकी म्हणाली. डोळे भरून आले, पण तिने ते खाली वळवले नाहीत. “नाचायलाच लागतो का तो? बाजारातल्या मुली घालतात ना जीनवर? जेवून आल्यावर?”

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग ती उठली, कापडाच्या गाठोड्यातून काळ्या लिओटार्डचा, त्या न घातलेल्या लिओटार्डचा, एक पट्टा कापून आणला आणि छातीवर जिथे कात्री चालली होती तिथे लावून पाहिला. डाळिंबीत काळा. उठून दिसत होता. दिसू दे!

“उभी राहा. फेरा घेऊ दे.”

टेप खांद्यावरून निघाली, छातीवरून, पोटावरून, पाठीवरून फिरून पुन्हा खांद्यावर आली. मणके अजून लागत होते बोटांना. पण टेप खडखडली नाही; एका जागी जरा मऊ लागलं, आणि मावशीचं बोट तिथे क्षणभर थबकलं. तिने तसं दाखवलं नाही. खडू हातात घेतला.

“कुशीला माया ठेवू थोडी?”

बारकी घास चावत होती. तो तिने सावकाश, कष्टाने गिळला.

“थोडी कशाला?” ती म्हणाली. “हात आखडू नकोस, मावशी.”